आठ गुणांची तुलना

प्रियदर्शनीने लाल पेनने आईच्या उत्तराच्या बरोबर मधोमध आडवी रेघ मारली.

"हे बघ. रेघेच्या वर सगळी विहिरीची कविता, रेघेच्या खाली सगळी रस्त्याची. ही तुलना नाही आई. हे नुसते शेजारी झाले."

"शेजाऱ्यायची तुलना नाई होत का?" चतुराबाई म्हणाल्या. "आपल्या गल्लीत तं दुसरं कामच नाई."

चतुराबाई नांदगाव खंडेश्वरच्या एका अंगणवाडीत एकोणीस वर्षांपासून मदतनीस होत्या. तिथल्या सेविकाबाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या आणि त्या जागेसाठी बारावी पास लागत होती. म्हणून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून त्या बाहेरून परीक्षेला बसल्या होत्या. गुरुवारी मराठीचा पेपर होता. व्याकरण जमले, पत्र जमले. दोन कवितांची तुलना मात्र काही केल्या जमेना. तो प्रश्न आठ गुणांचा होता.

प्रियदर्शनी अमरावतीला एका कॉलेजात मराठीच शिकवायची. रविवारी घरी आली की आईची शिकवणी.

"एक मुद्दा घ्यायचा," तिने बोटे मोजली, "आणि त्या मुद्द्यावर दोन्ही कवितांबद्दल बोलायचं. मग दुसरा मुद्दा. आधी प्रस्तावना, मग साम्य, मग भेद, शेवटी समारोप. समारोपात आपलं मत."

"आपलं म्हनजे कोनाचं?"

"लिहिणाऱ्याचं. तुझं."

चतुराबाईंनी हे जरा संशयानेच ऐकले. "बोर्डाले माहं मत कायले पाह्यजे?"

"पाहिजे म्हणून तर गुण देतात. असं कर, कविता राहू दे. तुला चांगल्या माहीत असलेल्या कोणत्याही दोन गोष्टी घे आणि याच पद्धतीनं लिहून दाखव. तोवर मी चहा ठेवते."

चहा उकळला, गाळला, निवला. चतुराबाई मान खाली घालून लिहीतच होत्या. मुलगी जवळ आली की डाव्या हाताने कागद झाकत होत्या.

पावणेपाचला प्रियदर्शनीचे बाबा, मोतीराम, बाहेरून आले आणि उभ्यानेच बोलू लागले.

"पाच वाजता सहदेवरावचा फोन येईन. अकोल्याचं का नांदगाव पेठचं, एक काहीतरी सांगा लागते. म्या अकोलेवाल्यायले अर्धा शब्द देऊन ठेवला."

प्रियदर्शनीसाठी दोन स्थळे आली होती, दोन्ही सहदेवरावांनीच आणलेली. अकोल्याचा मुलगा बँकेत होता. नांदगाव पेठचा कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. दोघेही लागोपाठच्या रविवारी घरच्यांना घेऊन पाहून गेले होते. प्रियदर्शनी कपबशीकडे पाहत राहिली.

"हे काय?" मोतीरामांनी बायकोसमोरचा कागद उचलला. "पेपराचा अभ्यास?"

"ठेवा तो!" चतुराबाई म्हणाल्या. पण मोतीरामांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवातही केली होती.

"'प्रस्तावना. प्रस्तुत दोन्ही कविता अत्यंत नीटनेटक्या असून त्यांना इस्त्री केलेली आहे.' वा. 'साम्य. दोन्ही कवितांना घराची ओढ आहे, मात्र ती स्वतःच्या घराची आहे. दोन्ही कवितांनी पगार विचारला. तू कॉलेजात काय शिकवतेस, हे एकाही कवितेने विचारले नाही.'" मोतीरामांनी मान डोलावली. "नवीन अभ्यासक्रम मोठा अवघड दिसते."

प्रियदर्शनीने ओढणीचे टोक तोंडावर धरले.

"'भेद. पहिल्या कवितेत आई फार बोलते. दुसऱ्या कवितेत आई बोलत नाही, फक्त भिंतींकडे बघते. पहिल्या कवितेत चारचाकी आहे. दुसऱ्या कवितेत ती आपल्याकडून अपेक्षित आहे, असे कवी सुचवतो. पहिल्या कवितेने तीनदा पोहे घेतले...'"

मोतीराम थांबले. कागद दूर धरून पाहिला, मग जवळ. मग खाली बसले.

बाहेर कोणीतरी मोटारसायकलला किक मारत होते आणि ती सुरू होत नव्हती.

"आई," प्रियदर्शनीने कागद घेतला. "समारोप नुसता शब्द लिहून सोडलाय. खाली काहीच नाही. दोन गुण गेले."

"त्यात आपलं मत लिहा लागते म्हनली नं तू?" चतुराबाईंनी पेन तिच्याकडे सरकवले. "पाहुने काय मले पाहाले आले होते?"

प्रियदर्शनीने पेन घेतले. एकच ओळ लिहिली आणि कागद वडिलांच्या पुढ्यात ठेवला. ती ओळ मोतीरामांनी मनातल्या मनात वाचली. तेवढ्यात फोन वाजला.

"जयभीम, सहदेवराव... हो, झाला विचार. नाई... दोघाईले नाई म्हना." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. मोतीरामांनी कपाळ पुसले. "मानूस वाईट कोनीच नाई, बाप्पा. कसं झालं, आमी तुलना केली. त्यात भेदच निघाला नाई. सारं साम्यच निघालं... आता अर्ध्या शब्दाचं मी पाहून घेईन. माहा होता, माह्या मानेवर."

मोतीरामांनी फोन ठेवला. प्रियदर्शनी कपबशा घेऊन आत गेली. नळाचा आवाज सुरू झाला, तेव्हा त्यांनी हळूच विचारले,

"चतुरा, पाहाले आलो तवा म्या तरी तुले काही इचारलं होतं का व?"

"इचारलं होतं नं. भाकरी येते का म्हनून."

"अन् तरी तू हो म्हनली?"

"मले कुठं दुसरी कविता दाखोली होती?"

मोतीरामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मग सतरंजीवर बायकोशेजारी येऊन बसले, मराठीचे पुस्तक स्वतःकडे ओढले आणि रस्त्याची कविता मोठ्याने, घाईघाईने वाचू लागले.

दुसऱ्याच ओळीला चतुराबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"हळू वाचा," त्या म्हणाल्या. "पेपर बेस्तरवारी हाय."