सीनाचं घर, इंग्रिडबाईंची किल्ली

सुनेत्राच्या बाबांना, जनार्दनरावांना, जाऊन नऊ आठवडे झाले होते आणि ती टोरांटोजवळच्या मार्कहॅमहून हॅलिफॅक्सला आली होती ती एकच गोष्ट मनात धरून. आईला घेऊन जायचं. येताना दोन मोठ्या बॅगा तिने रिकाम्याच आणल्या होत्या. तिचा मुलगा वेदांत नोकरीसाठी मॉन्ट्रियलला गेल्यापासून त्याची खोली मोकळी होती. तिथे नवा पलंग आला होता, बाथरूममध्ये धरायला दांडे बसले होते, खिडकीशी आईसाठी खुर्चीही मांडून झाली होती. राहिली होती फक्त आई.

आणि आईच्या मनात भलतंच होतं. फेरीच्या धक्क्यापासून दोन रस्ते वर एक सीनियर्स रेसिडेन्स होतं. तिथे तिने आणि बाबांनी दोन वर्षांपूर्वी नाव घालून ठेवलं होतं. आता एक फ्लॅट रिकामा झाला होता. शुक्रवारपर्यंत सही करून फॉर्म द्यायचा, नाहीतर तो यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाणार होता. आज बुधवार.

"तिथे जेवायला काय देतात माहीत आहे का? उकडलेले बटाटे," सुनेत्रा म्हणाली.

"मला बटाटा आवडतो."

"आई, तुला दिसत नाही."

"मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं." प्रमिलाबाईंनी मान जराशी तिरकी केली. त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध दोन वर्षांपासून एक करडा डाग बसला होता. "तू दिसतेस. तोंड तेवढं दिसत नाही. जाड झालीस हे कळतंय."

सुनेत्राला हसू आलं नाही. बाबांच्या वेळी ती पोचली नव्हती. टोरांटोच्या विमानतळावर बर्फामुळे सात तास अडकून पडली, आणि ती उतरली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. त्या दिवसापासून तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं की आईच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही. मार्कहॅमच्या त्या खोलीत आई असली की मधे बर्फ नाही, विमान नाही, फक्त एक जिना.

"असं कर," प्रमिलाबाई म्हणाल्या, "ह्यांचं शेवटचं प्रकरण आण. म्हातारपणावरचं. मला आता वाचता येत नाही. तू वाचून दाखव, मग बोलू."

बाबांचं पुस्तक बेसमेंटमध्ये, त्यांच्या टेबलावर होतं. 'दोन देशांचं राहणीमान.' दोनशे बारा पानं, निळ्या शाईत, हाताने लिहिलेली. निवृत्त झाल्यापासून वीस वर्षं ते लिहीत होते. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "काय प्रोफेसर, स्वीडन जिंकलं की सामोआ?" आणि बाबा ताटातला मोदक फोडत सांगायचे, "मॅच अजून चालू आहे."

या दोन देशांची जोडी त्यांनी पुस्तकं चाळून लावलेली नव्हती. ती त्यांच्या वाट्याला आली होती. अर्थशास्त्र शिकवायला ते हॅलिफॅक्सला आले. सत्त्याहत्तर साली एका पाहणीच्या कामावर सामोआला गेले. आणि तिथून परत येऊन वर्ष होतंय तोच युनिव्हर्सिटीने त्यांना वर्षभरासाठी स्वीडनला, उप्सालाला पाठवलं. दोन्हीकडे बिऱ्हाड बरोबर होतं. सुनेत्रा सामोआत सात वर्षांची होती, उप्सालात नऊ.

सामोआतलं घर तिला हॅलिफॅक्सच्या या घराइतकंच स्वच्छ आठवायचं. त्याला भिंती नव्हत्या. गोल चौथरा, त्यावर लाकडी खांब, वर छप्पर. पाऊस आला की नारळीच्या झावळ्यांचे विणलेले पडदे खाली सोडायचे. त्याला फाले म्हणायचे. एका कुटुंबाने आपल्या दोन फाल्यांपैकी धाकटा यांना राहायला दिला होता. थोरल्यात चौदा माणसं, आणि मधल्या खांबाशी त्यांची आजी, सीना.

बाबा पाहणीचे छापील तक्ते घेऊन घरोघर हिंडायचे. पहिलाच प्रश्न, घराला खोल्या किती. भिंती नाहीत तिथे खोल्या कशा मोजायच्या? माणसं एकमेकांकडे बघायची आणि बाबांची कीव करून 'एक' म्हणायची. खोल्या एक, माणसं चौदा. उप्सालात त्यांनी तोच तक्ता वरच्या मजल्यावरच्या इंग्रिडबाईंना भरायला दिला. खोल्या तीन, माणसं एक. हे दोन तक्ते बाबांनी पुस्तकाच्या पहिल्याच पानावर समोरासमोर चिकटवले होते आणि खाली काहीही लिहिलं नव्हतं.

पण घरात बाबांची फजिती म्हणून जी गोष्ट सांगितली जायची ती दुसरीच. सामोआत कुणी जेवत असेल आणि तुम्ही रस्त्याने चालला असाल, तर आतून हाक येते, ये, जेवायला बस. बाबा पडले नागपूरचे. अन्नाला नाही म्हणायचं नाही, त्यातून पाहणीसाठी गावाचा विश्वास हवा. ते बसले. पुढच्या घरीही बसले. तीन दिवसांत सात घरं झाली. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, भाजलेला विलायती फणस, मासे. बाबा शाकाहारी होते, ते माशांपुरतं विसरले. चौथ्या दिवशी सीनाने नातीला पाठवून प्रमिलाबाईंना बोलावून घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, तुझा नवरा उपाशी असतो का? तू रांधत नाहीस?

मग कळलं की त्या हाकेला हसून, हात हलवून पुढे जायचं असतं. बोलावणं खरंच असतं, पण उत्तर ठरलेलं.

"अहो, म्हणजे 'सावकाश होऊ द्या'," आई बाबांना म्हणाली होती. "आपल्याकडे जेवणाऱ्याला म्हणतात तेच. एवढं शिकलात, आणि हे कळलं नाही?"

पुढे उप्सालात सुनेत्रा शाळेतल्या एका मैत्रिणीकडे खेळायला गेली. सहा वाजता त्या घरातले सगळे जेवायला बसले आणि मैत्रिणीने तिला सांगितलं, तू माझ्या खोलीत थांब हं, आम्ही जेवून येतो. सुनेत्रा वीस मिनिटं त्या सुंदर खोलीत बाहुल्यांशी बसून राहिली. तिला राग आला नव्हता. तिने दारातून मोठ्याने, मराठीत, "सावकाश होऊ द्या" म्हणून सांगितलं होतं. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा आईचे डोळे भरून आले आणि बाबांनी वही काढली.

त्याच वर्षी, मे महिन्यात, सुनेत्राचं अपेंडिक्स फुटलं. पोट धरून ती स्वयंपाकघरात पडली, आणि तासाभराच्या आत शस्त्रक्रिया सुरू झालेली होती. तिला आठवतो तो नंतरचा एक दिवस. आईने तिचा हात धरून तिला दवाखान्याच्या लांब बोळातून चालवत नेलं आणि एका काचेशी ती थांबली. पलीकडे काचेच्या पेट्यांत मुठीएवढी बाळं होती. आई बराच वेळ तिथून हलली नाही. खूप वर्षांनी, भाजी निवडताना, ती एकदाच म्हणाली होती, "चार पेट्या होत्या. एक रिकामी होती."

सामोआत सुनेत्राला भाऊ झाला होता, सातव्या महिन्यात. एक दिवस जगला. तालुक्याच्या दवाखान्यात अशी पेटी नव्हती. त्यानंतर दहा दिवस गावातल्या बायका आळीपाळीने आईच्या चटईला चटई लावून बसत. कुणी गात, कुणी नुसत्याच बसत, आणि सीना तिच्या केसांना तेल लावी. बाबांच्या पुस्तकात बालमृत्यूंच्या प्रकरणात नुसते आकडे होते. दोन्ही देशांचे, वर्षवार. बाकी पान कोरं.

सुनेत्रा वही घेऊन वर आली. बाहेर रस्त्याच्या कडेला मार्चमधलं मळकं बर्फ ढिगाने उरलं होतं. तिने आईसमोर खुर्ची ओढली आणि वाचायला लागली.

"'सीना सत्तरीची असावी. तिचं वय तिलाही माहीत नव्हतं. जेवणाचं पहिलं ताट तिचं, आणि तिचं खाणं होईपर्यंत एक नात पंखा घेऊन माशा वारत असे. ती एकटी अशी मला एकदाही दिसली नाही. आम्ही होतो त्या काळात तिच्या मुलांनी तिला तीनदा हलवलं. राजधानीत, अपियाला थोरल्याकडे, मग धाकट्याकडे, मग परत. तिला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं असं बहुधा तिलाही वाटलं नसावं.'"

"अपियाला जाताना रडत होती," प्रमिलाबाई म्हणाल्या. "ते ह्यांनी लिहिलं नाही. पुरुषांसमोर नाही ना रडली. वाच."

"'इंग्रिडबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पेन्शन, तीन खोल्या, आठवड्यातून दोनदा नगरपालिकेची मदतनीस. घराची किल्ली दोरीत ओवून गळ्यात घालत. भेटायला जायचं तर आधी चिठ्ठी टाकावी लागे. मग त्या डायरी बघून वार सांगत आणि त्या दिवशी सात प्रकारची बिस्किटं करत. फेब्रुवारीत त्या गेल्या. मदतनीस बाई दुसऱ्या दिवशी दुपारी आली तेव्हा कळलं. आदल्या संध्याकाळी आम्ही खाली पत्ते खेळत होतो.'"

सुनेत्रा थांबली. आईला पटवायला तिला याच्यापेक्षा जास्त काही नको होतं. पण खाली अजून सहा-सात ओळी होत्या. तिने त्या डोळ्यांनी वाचल्या, आणि परत वाचल्या. समोर आई मान तिरकी करून बसली होती. बाबांचं अक्षर आता तिला करडं धुकं दिसत होतं.

"'मला विचाराल,'" सुनेत्रा वाचू लागली, "'तर जगावं इंग्रिडबाईंसारखं आणि जावं सीनासारखं.'"

"बघ. दोन्हीकडचं ताट ओढायची सवय गेली नाही शेवटपर्यंत."

"'पण असा देश माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हा तक्ता मी अपुरा ठेवतो.' झालं. संपलं." तिने वही मिटली. "आई, त्यांनाही हेच वाटत होतं. शेवटी माणसं जवळ हवीत. तू चल माझ्याबरोबर."

प्रमिलाबाईंनी तिरकी मान सरळ केली.

"माझं वाक्य गाळलंस," त्या म्हणाल्या.

सुनेत्राचे कान तापले.

"लिहिलेलं पान ते रोज मला वाचून दाखवत, सुनू. चहा थंड होईपर्यंत. हे पान तर चारदा वाचलं. वाच परत."

तिने वही उघडली. ओळ सापडायला वेळ लागायचं काही कारण नव्हतं, तरी लागला.

"'प्रमिलेला विचारलं. ती म्हणाली, मला किल्ली द्या. गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं तर कळलं. मला तेव्हा कुठे जायची घाई असणार आहे? हे तिचं उत्तर तक्त्यात कुठे घालावं ते मला समजलेलं नाही.'"

बाबांच्या अक्षरात आई जशीच्या तशी बोलत होती.

"लग्न करून नागपूरहून इथे आणलं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मग सामोआ. मग परत. मग स्वीडन. मग परत. चांगलंच झालं सगळं, तक्रार नाही. पण एकदा तरी मला कुणी विचारलं, की बाई, तुला कुठे राहायचंय? ह्यांनी विचारलं, ते एकदाच. तेही पुस्तकासाठी." त्या हसल्या. "पण लिहून तरी घेतलं. आणि तू ते गाळलंस."

"मी बाबांच्या वेळी नव्हते, आई."

"मी होते. हात धरून बसले होते. तरी गेलेच ना?"

सुनेत्राने मान खाली घातली. प्रमिलाबाईंनी चाचपत हात पुढे केला. तो आधी वहीला लागला, मग तिच्या मनगटाला.

"तुझ्याकडे येईन की. जुलैत महिनाभर. पाहुणी म्हणून येईन, आणि कंटाळा आला की जाते म्हणेन. तुझ्या घरी कायमची आले तर जाते कुठे म्हणणार?"

"आणि तिथे काही झालं तर?"

"तर फोन येईल तुला. तू विमानतळावर बसशील, चिडशील, आणि येशील. मला ते चालेल, सुनू. तुला चालवून घ्यावं लागेल."

हे बोलणं ऐकायला सोपं नव्हतं. सुनेत्राने ते दोनदा मनात फिरवून पाहिलं. वेदांतच्या खोलीतला पलंग, खुर्ची, ते चकचकीत दांडे. त्यातलं काहीही आईने मागितलं नव्हतं. ती उठली.

"फॉर्म कुठे ठेवलास?"

"मायक्रोवेव्हवर. घरी येते त्या मदतनीस मुलीकडून भरून घेतलाय. सही तेवढी राहिली."

फॉर्म चार पानांचा होता. सुनेत्राने तो सगळा वाचून दाखवला, या वेळी एकही ओळ न सोडता, बारीक अक्षरातल्या अटींसकट. एका ठिकाणी आईने विचारलं, "फोडणी करू देतात का?" तसं काही लिहिलेलं नव्हतं. "उद्या फोन करून विचारते," सुनेत्रा म्हणाली. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं, त्या जागी मदतनीस मुलीने चुकीचा पिन कोड घातला होता. तो सुनेत्राने खोडून नीट केला.

मग पेन आईच्या बोटांत दिलं, आणि तिचा हात धरून कागदावर आणला.

"इथे?"

"थोडं डावीकडे. हं. इथून."

प्रमिलाबाईंनी सही केली. नाव रेघेवर सुरू झालं, मधे वर चढलं, आणि आडनावाची शेवटची दोन अक्षरं कागद सोडून टेबलावर गेली.