दोन हजार पिशव्या आणि एक किल्टा

मी एक जुना किल्टा आहे. आमच्या किन्नौरच्या डोंगरात पाठीवर बांधायच्या टोपलीला किल्टा म्हणतात. तळाशी निमुळता, तोंडाशी रुंद. मित्रांनो, माझे सगळे आयुष्य हिरामोनीच्या पाठीवर गेले. त्यामुळे पुढे काय येणार ते मला कधी दिसले नाही. मागे काय राहिले तेवढे दिसायचे. म्हणून असेल, पण पुष्कळ गोष्टी मला उशिरा कळल्या आणि काही अजूनही कळलेल्या नाहीत.

मला नरगू नावाच्या म्हाताऱ्याने विणले. ओढ्याकाठच्या वाळुंजीच्या फोका तो रात्रभर पाण्यात भिजवायचा आणि सकाळी दातांनी सोलायचा. हिरामोनीचे लग्न ठरले होते. तिचा बाप येऊन एवढेच म्हणाला, "पोरगी उंच आहे, पट्टा लांब ठेव." त्या पट्ट्याला तिच्या खांद्यांचा वास लागला तो लागलाच.

मी शेण वाहिले, सरपण वाहिले, ओगला नावाच्या धान्याच्या पेंढ्या आणि जर्दाळू वाहिले. दोन वर्षे तिची मुलगी माझ्यात बसून शेतावर आली. झोपलेली असली की माझे बूड कसे छान ऊबदार व्हायचे. पण माझे खरे काम शरद ऋतूतले. आमच्या उभ्या, दगडी उतारांवर न्योजाची झाडे आहेत. तुमच्या सुक्या मेव्याच्या दुकानात त्याच्या बियांना चिलगोजा म्हणतात. पुरुष झाडावर चढून आकडीच्या काठीने फळे ओढायचे, फळांबरोबर फांद्याही मोडून यायच्या. बायका खाली गोळा करायच्या. ती फळे थंड, जड आणि राळेने चिकट असत. वर्षानुवर्षे राळ बसून माझ्या फोका काळ्या आणि टणक झाल्या. "हिरामोनीचा किल्टा दोघींचं ओझं नेतो," असे बायका म्हणायच्या, तेव्हा मला फार बरे वाटायचे.

मग एका वर्षी झाडांची डॉक्टर आली. तिचे नाव कौंडलबाई. ती झाडांना फीत गुंडाळायची, मातीत नळी खुपसायची आणि वहीत लिहायची. एक दिवस तिने हिरामोनीला विचारले, "आपी, या रानात सगळ्यात लहान झाड कुठलं?" आपी म्हणजे आजी. हिरामोनीला तोवर नातवंडे झाली होती.

हिरामोनीने हात केला. "ते बघ. माझं लग्न झालं तेव्हा केवढंसं होतं."

"त्याहून लहान?"

हिरामोनी हसली आणि दाखवायला निघाली. दुपारपर्यंत ती उतारावर फिरली. तिच्या पाठीवरून मीही पाहत होतो. मोठी झाडे होती, म्हातारी होती, वाळलेली होती. गुडघ्याएवढे एकही नव्हते. इतकी वर्षे आम्ही इथून फळे नेली, आणि हे आमच्या लक्षात कसे आले नाही, ते मला आजही समजत नाही. त्या दिवशी ती मला रिकामाच घेऊन घरी आली.

देवळाच्या अंगणात सभा बसली. हिरामोनीचा दीर विद्यासेन वन समितीचा प्रधान होता. नाल्यापलीकडच्या पाच घरांच्या वाट्याच्या रानातली फळे यंदा तोडू नयेत, बी तिथेच पडू द्यावे, असे डॉक्टरने सुचवले. शिवाय ती रोपेही तयार करणार होती.

"वहिनी, न्योजे पाखरांना वाटायचे का आता?" विद्यासेन म्हणाला. "पाखरं मला मत देत नाहीत."

"माणसं तरी कुठं देतात? तू बिनविरोध आलास," हिरामोनी म्हणाली. "माझ्या वाट्याला मी यंदा आकडी लावणार नाही. बाकीच्या चौघींशी मी बोलते."

ठरले ते असे: वसंतात डॉक्टरची रोपे दिसली तर ते रान पाच वर्षे राखायचे. नाही दिसली तर पुढच्या शरदात आकड्या पुन्हा लावायच्या. मग ते रान कधीच राखले जाणार नाही, हे हिरामोनीला ठाऊक होते. बाकीच्या चौघींनी केवळ तिच्या शब्दाखातर हो म्हटले होते.

डॉक्टरने तिच्याकडे एकच गोष्ट मागितली. "आपी, दोनच झाडांची फळं काढा आणि सगळ्यात चांगले न्योजे मला द्या."

हिरामोनीने चार दिवस बसून न्योजे निवडले. पिशवीत भरून तिने ते माझ्या तळाशी ठेवले आणि आम्ही रोपवाटिकेकडे निघालो. आणि मित्रांनो, माझे बूड ऊबदार झाले. मी गोंधळलो. न्योजाचे ओझे नेहमी गार असते. ऊबदार ओझे मी आयुष्यात एकच वाहिले होते, ती झोपलेली मुलगी. म्हणून मी समजलो की हे ओझेही तसेच जिवंत आहे, आणि सगळे ठीक आहे.

डॉक्टरने दोन हजार काळ्या पिशव्यांत ते बी पेरले. हिवाळाभर त्यांवर बर्फ होता. बर्फ गेला, जर्दाळू फुलले, पण पिशव्यांतून काही वर आले नाही. डॉक्टर पाणी तपासायची, माती हुंगायची, उंदरांची बिळे शोधायची. एकेक बी चिरून बघायची, पण ओलीत राहून आत सगळे काळे पडलेले असायचे. विद्यासेन येऊन म्हणाला, "पिशव्या मात्र छान उगवल्यात, बाई."

रानाचे काय करायचे ते ठरवायला पुन्हा सभा बसणार होती, तिच्या आदल्या दिवशी डॉक्टर हिरामोनीच्या घरी निरोप घ्यायला आली. मी दाराशी टेकून होतो. हिरामोनीने मिठाचा चहा केला आणि तिच्या ओंजळीत न्योजे घातले. डॉक्टरने एक दाताखाली फोडला आणि ती थांबली.

"आपी, हे भाजलेत."

"मग? कच्चे देऊ होय पाहुणीला?"

"आणि मला दिले होते ते?"

"ते तर जास्त निगुतीनं भाजले. एक करपू दिला नाही. सासूबाई सांगायच्या, कच्चा न्योजा पाहुण्याच्या हातावर ठेवला तर घराचं नाव जातं."

डॉक्टरने पेला खाली ठेवला. "आपी, ते पेरायचे होते."

"पेरायचे?" हिरामोनीला खरोखरच कळेना. "न्योजा कोण पेरतं, पोरी? तो आपला येतो. सासूबाईंनी पेरला नाही, त्यांच्या सासूनं पेरला नाही. आणि रोपं तुझ्या ट्रकमधून येणार होती ना? सफरचंदाची आली तशी?"

"ट्रकमध्ये कुठून येणार?"

मग डॉक्टर म्हणाली, "चूक माझी. कशाला हवेत ते मी सांगितलंच नाही. उद्या सभेत म्हणेन, बी माझ्याकडे सडलं."

"नको. मग त्यांना वाटेल, न्योजा लावून येतच नाही. रान जाईल."

दुसऱ्या दिवशी हिरामोनी साऱ्या गावासमोर उभी राहिली आणि तव्यासकट सगळे सांगून मोकळी झाली. अंगण हसून लोटपोट झाले. विद्यासेन डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, तुमच्या हातचं भाजलेलं उगवलं असतं, तर देवालाच गाव सोडावं लागलं असतं."

"हस, पोटभर हस," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "आणि हसून झालं की सांग, तुझ्या वाट्याच्या रानात गुडघ्याएवढं एक तरी झाड आहे का? मी माझ्या वाट्यात दुपारपर्यंत शोधलं. तू शोधून ये, मग आकड्या काढ."

विद्यासेनने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "आणखी एक वर्ष," तो म्हणाला. "आणि वहिनींचा तवा तेवढे दिवस देवळात जमा."

त्या शरदात मी न्योजे गार नेले. पुढच्या वसंतात पिशव्यांतून हिरव्या माना वर आल्या, डोक्यावर बियांची टरफले घेऊन. विद्यासेन उकिडवा बसून बघत राहिला. "एवढंसंच?" तो म्हणाला, पण हळू आवाजात. रान पाच वर्षे राखायचे ठरले.

त्यानंतर माझे बूड गेले. हिरामोनीच्या सुनेने प्लास्टिकच्या पट्ट्यांचा नवा किल्टा आणला आणि मी तीन हिवाळे गोठ्यात पडून होतो. का ते कळत होते, तरी वाईट वाटायचे. मग एका सकाळी हिरामोनीने मला हातात धरून नाल्यापलीकडे नेले. पाठीवर नाही, हातात. तिथे तिने बोटाएवढे एक रोप लावले आणि मला त्याच्यावर पालथा घातला. कडेने दगड लावले. "शेळ्या फार आहेत बघ," एवढेच म्हणाली आणि खाली गेली.

आता मी डोके खाली करून उभा आहे. फाटक्या बुडातून ऊन आणि बर्फ आत येतो. मी टाकला गेलो की कामाला लागलो, हे मला अजून नीट कळलेले नाही. जन्मभर मी या उतारावरून फळे खाली नेली. आता माझ्या पोटात एक झाड आहे आणि ते मी कुठेच न्यायचे नाही. वर्षात ते जेमतेम नखभर वाढते.

मित्रांनो, कधी आमच्या डोंगरात आलात आणि उतारावर एखादी फाटकी टोपली पालथी पडलेली दिसली, तर कचरा समजून उचलू नका. बघायचेच असेल तर वरच्या भोकातून हळूच डोकावा, आणि पुढे चालू लागा.