ताठ उभं राहणं

शेणवे गावच्या सकुबाईला वाकल्यावर बरं वाटे, आणि तेच तिच्या मुळावर आलं.

आवणीच्या, भाताची रोपं लावायच्या दिवसांत गावातल्या बाया दुपारपर्यंत कंबर धरून उभ्या राहत. सकुबाई मात्र सकाळी रोपांची मूठ हातात घेऊन चिखलात उतरली की दिवस कलेपर्यंत वाकलेलीच, आणि ओळीत सगळ्यांच्या पुढे. पण बांधावर चढून घराकडे निघाली की शंभर पावलांत पोटऱ्यांना मुंग्या येत, पाय लाकडासारखे होत. मग ती वाटेतल्या धोंड्यावर बसे. बसली की दोन मिनिटांत पाय पुन्हा जिवंत. शेतापासून घरापर्यंत ती चार वेळा बसे. डोक्यावर हंडा असला तर सहा वेळा.

ज्याची पाठ दुखते तो आवणी करू शकत नाही, हे गावात कोणालाही सांगावं लागत नसे. त्यामुळे सकुबाई सोंग करते, हा निकाल केव्हाच लागला होता. जाऊ धोंडीबाई तर तोंडावरच म्हणाली, “चिखलात वाघीन, नि पान्याच्या वाटंला म्हातारी. तुझं दुखनं बरं गो काम बघून येतं.” आपलं दुखणं खरंच खोटं आहे की काय, अशी शंका तिला स्वतःलाही येऊ लागली होती.

गावातला नवशा पायाळू जन्मलेला. त्याचा पाय लागला की पाठीची लचक जाते म्हणून तिला पालथं निजवून त्याने कमरेवर तीन वेळा टाच दाबली. उठताना तिला दोन्ही पाय आपले वाटेनात. नवशा घाबरून गेला तो आठवडाभर त्या वाटेला फिरकला नाही. शहापुरात एका डॉक्टरांनी तिला वाकून पायाचे अंगठे धरायला सांगितलं. तिने तळवे जमिनीला टेकवले. डॉक्टरांनी तिच्या मुलाला, धाऊला, बाजूला घेतलं आणि विचारलं की असली कंबर तरण्या पोरीची नसते, औषध कशाचं देऊ?

हे सत्तेचाळीसच्या पावसाळ्यातलं. दिवाळीनंतर ती मुरबाडला लेकीकडे गेली, तेव्हा गिरजाने तिला तिथल्या एका तरुण डॉक्टरकडे नेलं. सकुबाई सवयीने वाकू लागली.

“वाकू नका, मावशी. नुसत्या ताठ उभ्या राहा,” तो म्हणाला आणि घड्याळ काढून बसला.

चौथ्या मिनिटाला तिने टेबलाची कड धरली. सहाव्याला पाय थरथरले, आणि ती आपोआप पुढे वाकून मोकळा श्वास घेऊ लागली. डॉक्टरने घड्याळ खिशात टाकलं. खोटं दुखणं घेऊन येणारं माणूस आधी वाकायचं टाळतं, एवढंच तो गिरजाला म्हणाला आणि मुंबईच्या एका सर्जनला चिठ्ठी लिहायला घेतली.

मुंबईच्या इस्पितळात पाठीत तेलासारखं औषध टोचून फोटो काढला. सर्जनने तो उजेडापुढे धरला. मणक्यांमधून एक वाट जाते, तिच्यातून पायांच्या नसा खाली उतरतात. खालच्या तीन मणक्यांशी हाड जाड होऊन ती वाट अरुंद झाली आहे. वाकलं की ती जराशी रुंदावते, ताठ झालं की आवळते. सकुबाईने हे पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या वेळी ती फोटोकडे पाहत नव्हती. सोबत आलेला धाऊ ऐकतो आहे ना, ते पाहत होती.

कापाकापी नकोच असेल तर पाठीला पट्टा बांधून काठीवर वाकून चालता येईल, पण नसा दबतच राहिल्या तर पुढे पायांवरचा आणि लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, असं सर्जन म्हणाले. नाहीतर त्या वाटेवरचं हाडाचं छप्पर काढून टाकायचं. किंवा छप्पर काढून नडगीच्या हाडाची चीप तिथे बसवायची, म्हणजे मणके एकमेकांना सांधले जातील आणि जागचे सरकणार नाहीत. त्यासाठी तीन महिने प्लास्टरमध्ये पडून राहावं लागेल. त्यांचा कल या शेवटच्या उपायाकडे होता. धाऊलाही तो पटला. करायचंच तर पक्कं करावं, असं त्याचं म्हणणं.

कारकुनाने कागद आणि शाई पुढे केली. सकुबाईने अंगठा मुठीत झाकून घेतला.

“दाक्तर, हाड बसावल्यावर मी वाकन का?”

“गुडघ्यांतून. कमरेतून फारसं नाही.”

“आन नुसतं छप्पर काढलं तं?”

“वाकाल. पण पुढे मणका सरकला तर पुन्हा यावं लागेल, आणि तेव्हा सोपं नसेल.”

“आये, आवणी आमी करू,” धाऊ म्हणाला. “तू पक्कं करून घे.”

“तुला पक्की पाठ पायजे तं तू झोप तिथं.” ती सर्जनकडे वळली. “नुसतं छप्पर काढा. सरकलं तं मी इन परत.”

सर्जनने कागदावरची एक ओळ खोडली. मग तिने अंगठा दिला.

पुढची आवणी तिला वर्ज्य होती. ती बांधावर बसून चिखलातल्या बायांकडे मुठी फेकत राहिली. एकोणपन्नासच्या पावसात ती पुन्हा शेतात उतरली. दुपारच्या आतच कमरेत कळ आली, साधी, सगळ्यांना येते तशी. ती कंबर धरून उभी राहिली.

“काय गो, दुखाय लागली?” धोंडीबाईने विचारलं.

“लागली.”

धोंडीबाई पुन्हा वाकून रोपं लावू लागली.

संध्याकाळी दोघी एकाच वाटेने निघाल्या. धोंड्यापाशी धोंडीबाई गुडघे चोळत बसली. सकुबाई डोक्यावरचं ओझं न उतरवता तिच्या शेजारी थांबली, आणि ती उठेपर्यंत ताठ उभी राहिली.