वाऱ्याला मारलेली गाठ

सगळं गाव माना वर करून माळावर उभं होतं. डोंगराच्या अलीकडे, निळ्या आकाशात एक गुळगुळीत पांढरा ढग होता आणि तो हलत नव्हता. सकाळी होता तिथेच दुपारी. न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून आला होता आणि ते गिऱ्हाईकही त्याच्या शेजारी फेस लावलेल्या गालाने वर बघत होतं. गादीवाल्याला तो ढग एकावर एक रचलेल्या गाद्यांसारखा दिसला. त्याला बहुतेक गोष्टी तशाच दिसत.

"काल मी काय म्हणालो होतो?" माळावर गादीची बैठक घालून बसलेल्या वाराबाबांनी विचारलं. "उद्या वाऱ्याला गाठ मारतो. मारली. आता ढग जागचा हलतोय का?"

"नाही," गाव एका सुरात म्हणालं.

"वारा बांधला, मग आगीचं भय कसलं? आता इथे जाळ केला की गाठ पक्की. उन्हाळाभर एका घराला ठिणगी शिवणार नाही. घराभोवतीचं वाळलं गवत कापत बसू नका. दाराला माझी मंतरलेली दोरी बांधा आणि खुशाल झोपा."

गवत कापायचा कंटाळा सगळ्यांनाच होता, त्यामुळे बाबांचं म्हणणं चटकन पटलं. माळावर लाकडं आणि पालापाचोळा रचून तयार होता. पहिली काडी ओढायचा मान गादीवाल्याला मिळाला होता आणि तो हरखून गेला होता. एरवी हाच माणूस गोदामाच्या दारात गिऱ्हाइकांच्या खिशातल्या काडेपेट्या काढून घेई. जावयालाही त्याने सोडलं नव्हतं. गोदाम माळाच्या खालीच होतं, छतापर्यंत कापसाने भरलेलं, आणि आत्ता त्याची बायको आत बसून गाद्या शिवत होती. पण भक्तीच्या भरात त्याला याचा साफ विसर पडला होता.

तेवढ्यात त्याची थोरली बहीण गर्दीतून वाट काढत आली. ती शाळेत भूगोल शिकवायची.

"काडेपेटी इकडे दे."

"ताई, आज नको गं. सगळ्यांदेखत शोभा करू नकोस. वारा बांधलाय. तो ढग बघ."

"बघितला. तू जरा ही किटली बघ."

माळावर लोकांसाठी शेगडीवर चहाचं आधण ठेवलेलं होतं आणि किटली चांगलीच फुसफुसत होती.

"तोटीला लागून काही दिसतंय?"

"नाही. जरा पुढे पांढरं दिसतंय. त्याच्यापुढे पुन्हा काही नाही."

"ते पांढरं जागेवरच आहे ना? मग वाफ थांबलीय म्हणायची. घाल त्यात बोट."

गादीवाल्याने घातलं आणि हात झटकत मागे सरला. "अगं, केवढ्या जोरात येतेय!"

"वरतीही तसंच चाललंय. वारा डोंगरावरून येताना उंच चढतो, गार होतो, त्यातल्या बाष्पाचे थेंब होतात, म्हणून ढग दिसतो. पुढे खाली उतरला की ऊब मिळते, थेंब विरतात. ढग जागेवर दिसतो, वारा त्याच्यातून धावत असतो. असा ढग दिसला तर वर वारा सोसाट्याने वाहतोय असं समजायचं. तो खाली कधी उतरेल हे ढग सांगत नाही. त्यासाठी वेधशाळा आहे."

"वेधशाळा!" बाबा हसले. "मला कालच कसं कळलं, ते विचारा की तुमच्या वेधशाळेला."

ताई उत्तर देणार तोच तिच्या पर्समध्ये भोंग्यासारखा आवाज झाला. त्याच क्षणी तस्साच आवाज बाबांच्या बैठकीखालून आला. बाबांनी डोळे मिटले.

"वरून निरोप आला," ते गंभीरपणे म्हणाले.

ती बैठक गादीवाल्यानेच शिवून भेट दिली होती. खालून फोन काढायला त्याला वेळ लागला नाही. ताईने आधी शेगडी विझवली, मग आपल्या फोनवरचा वेधशाळेचा निरोप मोठ्याने वाचला आणि गादीवाला बाबांच्या फोनवर बोट ठेवून जुळवत गेला. शब्दन् शब्द तोच: डोंगराकडून जोराचा कोरडा वारा लवकरच उतरणार, उघड्यावर आग लावू नये. त्याच्या वर कालचा निरोपही होता. उद्या डोंगरमाथ्यावर जोरदार वारे, भिंगाच्या आकाराचे स्थिर ढग दिसण्याची शक्यता.

"म्हणजे आग लावू नका असा निरोप आला," गादीवाला सावकाश म्हणाला, "आणि तो वाचून तुम्ही माझ्या हातात काडी दिलीत?"

"श्रद्धा कमी पडली तर—" बाबांनी सुरुवात केली, पण वाक्य पुरं झालं नाही. वारा उतरला. आधी बाबांची शाल गेली, मागोमाग रचलेल्या ढिगाचा पालापाचोळा उठला आणि पाखरांच्या थव्यासारखा माळावरून खाली गेला. बाबा शालीच्या मागे जे धावले ते पुन्हा दिसले नाहीत.

गादीवाला गोदामाकडे पळाला. तो पाचोळा दारात साचला होता, खिडकीच्या जाळीत अडकला होता, थोडा आत कापसावरही पडला होता. बायको तो सुपात गोळा करत होती.

"कुठून आला हा एवढा कचरा?" तिने विचारलं.

गादीवाला तिच्याजवळ बसला आणि एकेक पान उचलू लागला. सगळी पानं कोरडी होती, कुरकुरीत होती, आणि एकही पेटलेलं नव्हतं.

मंडळी, ढग जरूर बघा, त्यांचे आकार ओळखायला शिका, त्यात मोठी गंमत आहे. पण वाऱ्याला गाठ मारता येत नाही. त्याचा इशारा मात्र आधी मिळतो, आणि तो मिळाला की काडी ओढायची नाही, गवत कापायचं. दोरीने घर वाचत नाही.