तळ्याकडचं दार

सुनेने तळ्याच्या गुडघाभर पाण्यात पाय चाचपडत पुढे टाकला आणि बोटांना लागलेलं अंडं वाकून वर काढलं. मग आणखी एक. खुराड्यातल्या अंड्यांनी हल्ली टोपलीचा तळही झाकला जात नव्हता, आणि इथे चिखलात अंड्यांचा सडा पडला होता.

"म्हातारी झाली बदकं. विकून टाक," नवरा काठावरून म्हणाला.

"म्हातारी कसली? ही जात अंडी घालायला थकत नाही. कुणीतरी पहाटेच दार उघडतंय. ऊन वर येईपर्यंत आत राहिली तर पेंढ्यात घालतात, नाहीतर पोहता पोहता सोडून देतात."

"मग कुलूप लावू."

"आधी बघू तर दे."

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गोठ्याच्या भिंतीआड उभी राहिली. कडी काढली ती सासऱ्यांनी. सासूबाई गेल्यापासून ते जेवणापुरतेच खोलीबाहेर येत आणि हो-नाहीवर भागवत. शाळा सुटावी तशी बदकं एकमेकांना ढकलत पाण्याकडे पळाली. एक घसरून उताणं पडलं. काठावर बसलेल्या सासऱ्यांचे खांदे हलले. ते हसत होते.

ती आल्या पावली मागे फिरली.

दुपारी तिने नवऱ्याला कुलपाऐवजी जाळी आणायला लावली. संध्याकाळपर्यंत खुराड्यापुढे जाळीचं अंगण झालं. आत भरपूर पेंढा अंथरला, तळ्याच्या बाजूला छोटं फाटक बसवलं.

सकाळी ती चहाची किटली घेऊन तिथे आधीच बसली होती. तिला पाहून सासरे चोरी पकडल्यासारखे थबकले.

"दार तुम्हीच उघडायचं, बाबा," ती म्हणाली. "फाटक मात्र चहा झाल्यावर. आधी अंडी, मग आंघोळ."

त्यांनी कडी काढली. बदकांनी जाळीपाशी थोडा आरडाओरडा केला, मग एकेक करून पेंढ्यात बूड टेकलं. सासऱ्यांचा हात फाटकाकडे गेला. तिने त्या हातात कप दिला.

दोन घोट घेऊन ते म्हणाले, "तुझी सासूही अशीच. चहा संपल्याशिवाय उठू द्यायची नाही."

सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांनी त्यांचा विषय काढला नव्हता. सून किटलीचं झाकण उगाच नीट बसवत राहिली.

"अजून देऊ?"

फाटकापाशी बदकं पुन्हा गोळा होऊ लागली होती. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कप पुढे केला.

"भरून दे. थांबतील ती."