थंड तंबूतली चाळीस मिनिटं

माझा उजवा गाल डाव्यापेक्षा चांगलाच गोरा आहे. एकतीस वर्षं मी उजव्या डोळ्याला कॅमेरा लावून मैदानाच्या कडेला गुडघे टेकतोय. त्यामुळे उजव्या बाजूला कॅमेऱ्याची सावली आणि डावी बाजू उन्हाच्या हवाली. आरशात बघितलं की दोन वेगळी माणसं एका कॉलरमध्ये कोंबल्यासारखी वाटतात. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी डाव्या कानाच्या पाळीवरचा एक डाग खरवडून तपासायला पाठवला, आणि निकाल आल्यावर म्हणाले, "या खेपेला सुटलात. पण बारा ते तीन उन्हात दिसलात तर मीच मैदानावर येऊन हाकलेन."

मी म्हटलं, "या ना, तुमचाही फोटो काढतो." ते हसले नाहीत.

आमच्या धंद्यात स्वतःला झाकायची पद्धतच नाही. झाकायचा तो कॅमेरा. पाऊस आला की प्लास्टिकची पिशवी त्याच्या अंगावर, पुढे लेन्सपुरतं भोक, त्यावर रबरबँड. आपण भिजलो तर घरी जाऊन वाळतो, तो भिजला तर दुकानात जातो. ऊन चढलं की लांब लेन्सवर पांढरा टॉवेल. उन्हाचं क्रीम लावायचं तर मनगटानं, कारण बोटं तेलकट झाली की बटणं निसटतात. मनगटानं नाक माखता येतं, कान येत नाही. माझ्या कानाचा इतिहास एवढाच.

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे कॅमेरा एसीत न्यायचा नाही. काच गार पडते, मग बाहेरची दमट हवा लागली की तिच्यावर धुकं धरतं, आंघोळीनंतरच्या आरशासारखं. पुसलं की पुन्हा येतं. अर्धा तास काही दिसत नाही. न्यावाच लागला तर बाहेर काढण्याआधी पिशवीत घट्ट बंद करायचा आणि त्याला सावकाश गरम होऊ द्यायचं. हे मी किती नवशिक्यांना पढवलंय त्याची गणती नाही. बाकीचे दुपारी गार खोलीत जाऊन जेवतात, मी स्टँडच्या सावलीत उपड्या क्रेटवर बॅग मांडीला घेऊन बसतो. इतकी वर्षं एकट्यानं जेवलो ते या नियमापायी. आता घरीही एकटाच जेवतो, पण त्याचं खापर नियमावर फोडता येत नाही. म्हणजे येतं, पण ते माझ्या बायकोचं म्हणणं होतं. तिचा हिशेब सरळ होता: सामने रविवारी असतात आणि घरही रविवारीच असतं. लेक सोळा वर्षांची असताना ती तिला घेऊन बहिणीकडे राहायला गेली. मी त्या दिवशी सायकलच्या शर्यतीवर होतो.

लेकीला मी टिटवी म्हणतो. काटकुळे पाय, आणि चालायला शिकली ती पळतच. आठशे मीटर पळते. कधी जिंकली नाही. चौथी, पाचवी, एकदा दुसरी. मैदानं तीच असल्यामुळे आमची गाठ पडायची, पण वर्तमानपत्राला जिंकणारीचा फोटो लागतो आणि माझी लेन्स जिंकणारीवर असायची. टिटवी फोटोच्या कडेला कोपरापुरती यायची, तेही छापताना कापलं जायचं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. आमचे फोन तीन मिनिटांचे असतात. पहिलं मिनिट हवेचं, दुसरं तब्येतीचं, तिसऱ्यात "बरं, ठेवते." या वेळी तिसऱ्या मिनिटाला ती थांबली.

"बाबा, रविवारची माझी शेवटची."

"शेवटची म्हणजे?"

"म्हणजे शेवटची. अठ्ठावीस पूर्ण झाली, पोटरी दर महिन्याला रडते. आता नोकरी करणार माणसासारखी."

मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "एक काम करशील? रविवारी माझा फोटो काढ. पहिली कोण येते ते सोड. तुझ्याकडे सगळ्या जगाच्या मुलींचे फोटो आहेत, माझा एकही नाही."

"काढतो."

"नक्की?"

"अगं, तेवढंच तर येतं मला."

ती हसली. मग म्हणाली, "आणि दुपारी सावलीत बस. कानाचं आईला कळलंय."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खोलीत उभा होतो. कुणीतरी काहीतरी मागितलं होतं आणि ते माझ्याजवळ होतं. असं मला फार वर्षांत झालं नव्हतं. वर्तमानपत्राच्या कामाला मी एका ओळखीच्याला लावून दिलं आणि रविवार फक्त टिटवीसाठी मोकळा ठेवला.

रविवारी सकाळपासून उकडत होतं. दोन वाजता एक जोराची सर येऊन गेली, आणि मागून असं ऊन पडलं की ट्रॅकमधून वाफा निघायला लागल्या. कॅमेरा पिशवीत कोरडा ठणठणीत होता, मी चिंब. टिटवीची शर्यत तीन वीसला. मी क्रेटवर बसून केळं सोलत होतो, तर समोरच्या पांढऱ्या तंबूचं दार उघडलं आणि पिस्तूलवाली बाहेर आली.

पिस्तूलवाली म्हणजे शर्यत सोडताना पिस्तूल उडवणारी बाई. पांढरे केस, लाल टोपी, आवाज खणखणीत. वीस वर्षं आम्ही एकमेकांना मान हलवून ओळख देतोय, त्यापलीकडे गाडी कधी गेली नव्हती.

"अहो फोटोवाले," ती म्हणाली, "कान काय झालाय तुमचा! आत या, किती दिवस असे तळत बसणार?"

मी म्हणणार होतो की नको, कॅमेरा आहे. दर वेळी तेच म्हणतो. पण डॉक्टर आठवले, टिटवी आठवली, आणि खरं सांगायचं तर त्या बाईनं माझा कान बघितला होता हेच मला फार वाटलं. घरात माझा कान बघणारं कुणी नाही. मी बॅग उचलली आणि आत गेलो.

आत काय गारवा होता! पंचांसाठी दोन एसी लावले होते. तिनं मला खुर्ची दिली, पुसायला टॉवेल दिला, थर्मासमधली कॉफी दिली. "जेवलात काय?" विचारलं. "केळं" म्हटल्यावर ती म्हणाली, "केळं म्हणजे जेवण नव्हे, ती जेवणाची सूचना झाली," आणि आपल्या डब्यातला अर्धा वाटा माझ्यापुढे सरकवला. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. ती म्हणाली की आता तिला पिस्तुलाच्या आवाजाचं काही वाटत नाही, घराचं दार स्वतःच उघडून आत जाताना जो आवाज होतो त्याचं वाटतं. मी म्हटलं, "मला माहीत आहे तो." आम्ही दोघंही हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग तिनं विचारलं, "तुम्ही काढलेलं दाखवा ना काहीतरी. वीस वर्षं तुमची पाठच बघतेय."

पोहणाराच बुडतो म्हणतात. मी बॅगेतून कॅमेरा काढला. लांब लेन्स लावलेला, तसाच. एकेक फोटो पडद्यावर दाखवत गेलो. उंच उडीवाली हवेत आडवी झालेली, रिलेची काठी निसटतानाची. ती "अगंबाई!" म्हणायची आणि मी पुढचा दाखवायचो. टिटवीबद्दलही सांगितलं, आज तिचा फोटो काढायचाय म्हणून. "मग मी पिस्तूल जरा प्रेमानं उडवीन," ती म्हणाली. चाळीस मिनिटं मी तिथं बसलो. कॅमेरा माझ्या मांडीवर उघडा, एसीच्या झोताखाली. बर्फासारखा गार झालेला तो माझ्या हाताला लागत होता आणि मला ते बरं वाटत होतं.

"चला, माझी वेळ झाली," म्हणत तिनं टोपी चढवली. तीन बारा झाले होते. पिशवीत बंद करायचं मला सुचलंही नाही. मी तिच्या मागोमाग गप्पा मारत बाहेर पडलो.

आठशेची सुरुवात आणि शेवट एकाच रेषेवर असतो. पहिली फेरी, घंटा, दुसरी फेरी, खेळ खलास. मी रेषेच्या पुढे गुडघे टेकले, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि दिसलं ते नुसतं दूध.

लेन्स पुसली, चार सेकंद दिसलं, पुन्हा दूध. डोळ्याकडची काच पुसली, तीही तशीच. बॅगेतला दुसरा कॅमेरा काढला. तोही माझ्यासोबत पाहुणचार घेऊन आला होता. शर्ट ओला, टॉवेल तंबूत राहिलेला. मी बनियनच्या टोकानं पुसत होतो. खिशात फोन होता. त्यानंही फोटो निघतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मला आठवलं नाही.

"बाबा!"

आठ जणी रेषेवर उभ्या राहत होत्या. टिटवी हिरव्या बनियनमध्ये, तिच्या क्लबची आणखी एक मुलगी शेजारी, तीही हिरव्यात. मी मान वर न करता हात केला: हो हो, आहे मी, तयार आहे. पिस्तूल वाजलं.

दोन मिनिटं म्हणजे किती, हे पळणाऱ्याला आणि काच पुसणाऱ्यालाच माहीत. मी लेन्स काखेत धरून ऊब दिली. तिच्यावर फुंकर मारली आणि स्वतःला शिव्या दिल्या, कारण फुंकरीनं धुकं वाढतं. समोरून पावलांचा लोंढा गेला, घंटा वाजली, स्टँडमधून "अरेरे" असा आवाज उठला. कुणीतरी अडखळलं असेल, म्हणून मी पुसत राहिलो. अजून एक फेरी आहे, शेवटची सरळ धाव मिळाली तरी पुरे, एकच फोटो तर हवाय. तोंडानं मी देवाला नाही, काचेला विनवत होतो.

त्या शेवटच्या वळणावरून आल्या तेव्हा दुधातून रंग दिसायला लागले होते. लाल, मागे पिवळा, निळा, आणि मग हिरवा. हिरवा निळ्याला गाठत होता. मी बटण दाबून धरलं. धूसर तर धूसर. हिरवा रंग तिसरा रेषेपार गेला. शेवटच्या शर्यतीत तिसरी! मी तिथंच गवतावर बसलो आणि डोळे पुसले. ते मात्र एका फटक्यात कोरडे झाले.

मुलींच्या खोल्यांमागे पाण्याचा नळ आहे. टिटवी तिथल्या बाकावर बसली होती, ट्रॅकसूट चढवून, बूट काढून. मी जवळजवळ पळतच गेलो. वाटेत ठरवलं होतं की खोटं बोलायचं नाही.

"फोटो धूसर आलाय," मी म्हटलं. "चूक माझीच. कॅमेरा एसीत नेला मी, गाढवासारखा. पण फोटोचं सोड. मी पाहिलं तुला. शेवटच्या वळणावर त्या निळीला काय गाठलंस गं! तिसरी! इतकी वर्षं पळालीस, पण अशी कधी पळाली नव्हतीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. लहानपणी मी उशिरा घरी आलो की जागीच असायची आणि असंच बघायची.

"ती मी नव्हते, बाबा."

"म्हणजे?"

"ती माझ्या क्लबची. मी घंटेलाच थांबले." तिनं ट्रॅकसूटचा पाय वर ओढला. पोटरीला बर्फाची पिशवी बांधलेली होती. "गेली. ताडकन आवाज आला."

मी विचारलं, "मग तू होतीस कुठे?"

"कुठे म्हणजे? आतल्या गवतावर. तुझ्या समोर. मधे ट्रॅक, बस. स्ट्रेचर येईपर्यंत तिथंच बसले होते."

नळ ठिबकत होता. तिच्या क्लबची बस मागच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला. टिटवीनं बूट हातात घेतले. मी तिला धरायला पुढे झालो, तर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एका पायावर उभी राहिली. तिचं वजन किती आहे ते मला ठाऊकच नव्हतं. फार कमी होतं.

"मला हाक मारायचीस ना," मी म्हटलं.

"हात केला होता. दोनदा."

"मग?"

"तू काच पुसत होतास," ती म्हणाली. "मग तिसऱ्यांदा नाही केला."