चारशे पंधरावरची सुई

मी सुई बोलतेय. शिवणाची नव्हे, नरपडच्या चिकूवाडीत, कुसुमबाईंच्या मोटरखोलीतल्या व्होल्टमीटरची. विजेचा दाब दाखवणं हे माझं काम, आणि आयुष्यात मी खोटं बोललेली नाही.

बसवली तेव्हा चारशे पंधरावर ताठ उभी असायचे. डीपीवर, म्हणजे वाड्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर, तीनच मोटरी होत्या. मग बोअर वाढल्या, किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी एसीच्या खोल्या झाल्या. डीपी तीच. मी वाकत गेले.

कुसुमबाई चौथी शिकलेल्या. मला कसं वाचायचं ते त्यांना कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकल्या. दाब किती, एवढंच बाकीचे विचारतात. बाई बघायच्या, मोटर लावताच मी किती उतरते ते. पूर्वी पाच व्होल्ट उतरायचे. या एप्रिलमध्ये त्याच मोटरीला पस्तीस उतरले, म्हणजे डीपीत जोर उरला नव्हता.

"जतीन, कडेला आलोय आपण," त्या शेजारच्या वाडीवाल्याला म्हणाल्या. "ऑटोस्विच काढा सगळ्यांनी. पाळीपाळीनं मोटरी लावू. कपॅसिटर बसवा, दाब सावरेल."

"काकी, सुई बघून भविष्य सांगता काय? मग आमच्या प्रितेशचं लग्नपण बघा ने!"

"त्याचं होईल रे. तुझी मोटर जळेल."

जमलेले वाडीवाले सगळे हसले. ऑटोस्विच म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू. डीपीवरच्या आता अकरा झालेल्या मोटरींपैकी दहांना तो होता. वाडीपर्यंतची दोनशे पावलं जड होतात माणसांना!

बाईंनी चिकूची साठ नवी कलमं लावली होती, खिरणीच्या खुंटावर बांधलेली. मे महिन्यात त्यांना दिवसाआड पाणी हवंच.

त्याच मे महिन्यात, एका दुपारी, तीन तास गेलेली वीज आली. दहाही मोटरी एका क्षणी उठल्या. मी तीनशे वीसवर कोसळले. दाब नाही म्हणून मोटरी फिरेनात, नुसत्या घुमत राहिल्या. आणि अडलेली मोटर जास्तच वीज ओढते. त्या ओढत गेल्या, मी खाली जात गेले. बाईंनी आपली लावलीच नव्हती. त्या दारातून ओरडल्या, "बंद करा रे! कुणीतरी बंद करा!"

वाड्यांत होतं कोण? सगळे घरी जेवून आडवे झालेले. डीपीच्या फ्यूजला कुणीतरी जाड तार घातलेली, तीही वितळेना. दोनशे साठ. मग धूर, मोठा आवाज, आणि मी शून्यावर.

नवी डीपी एकोणीस दिवसांनी आली, तेवढ्याच ताकदीची. तोवर बाईंनी हंड्यानं पाणी घालून बारा कलमं जगवली. अठ्ठेचाळीस वाळली.

नव्या डीपीला हार घातला, नारळ फोडला. ऑटोस्विच कुणी काढला नाही. जतीन बाईंकडे आला.

"काकी, कलमांचं वाईट झालं."

"झालं नाही. केलंत," बाई म्हणाल्या आणि वाळकं कलम उपटत राहिल्या.

लोकहो, मला वाचायला शाळा लागत नाही. मोटर लावताना घटकाभर थांबावं लागतं, बस. हल्ली बाईसुद्धा थांबत नाहीत. बटण दाबतात आणि पाठ फिरवतात. परवा चाळीस उतरले. मी दाखवलं. खोलीत कुणी नव्हतं.